डोळ्याचा कोपरा दाबणारा माणूस

तो गेल्यावर आमच्या नेत्रतज्ज्ञांच्या मंडळाने एक छोटी स्मरणिका काढायची ठरवली. फोन मलाच आला. "सर, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र. काहीतरी हलकंफुलकं लिहा. त्यांच्या गमतीजमती." मी हो म्हणालो आणि लिहिलं नाही. स्मरणिका माझ्याशिवाय निघाली.

गमतींची वानवा नव्हती. त्याच्या गमती सांगत मी आयुष्यभर जेवणाच्या पंगती गाजवल्या आहेत. अडचण एवढीच होती की त्यातल्या एका गमतीचा शेवट मी दर वेळी गाळत आलो होतो. बोलताना गाळणं सोपं असतं. लोक हसायला लागले की आपण पाण्याचा ग्लास उचलायचा. कागदावर तसं जमेना, म्हणून वर्षानुवर्षं मी हे टाळत राहिलो. आता मी शस्त्रक्रिया करत नाही, हॉस्पिटल मुलाच्या हाती आहे, आणि मला जाब विचारील असं कुणी उरलेलं नाही. थोडक्यात, धैर्य आता स्वस्त झालं आहे. म्हणून लिहितो.

आम्ही मिरजेला एकत्र शिकलो, एका खोलीत राहिलो. पुढे मी साताऱ्यात मोतीबिंदूचा डॉक्टर झालो. ते समंजसपणाचं काम होतं. माणूस आंधळा येतो, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की सुनेला ओळखतो, आणि जन्मभर तुमचं नाव घेतो. याने सांगलीत दवाखाना थाटला आणि जे कुणालाच नको होतं ते घेतलं: पापण्या, अश्रूंच्या नळ्या आणि डोळ्याची खोबण. लोंबणारी पापणी वर उचलायची, आत वळलेले केस बाहेर वळवायचे, तुंबलेली नळी उघडायची, डोळा गेला असेल तर रिकाम्या खोबणीत नकली डोळा बसवायचा. चांगल्या डोळ्याला तो हात लावायचा नाही.

"डोळा हा भाडेकरू आहे," तो म्हणायचा. "त्याचे लाड करायला तुम्ही सगळे आहात. मी घर बघतो. दार नीट लागतंय का, मोरी तुंबलीय का, भिंतीला ओल आहे का. घर पडलं तर भाडेकरू काय रस्त्यावर झोपणार?"

मी लगेच त्याचं नाव 'ड्रेनेज खातं' ठेवलं. मंडळाच्या जेवणात तो आत आला की मी मोठ्याने विचारायचो, "काय म्हणतंय ड्रेनेज खातं?" सगळे हसायचे. तोही हसायचा, पण अर्ध्यावरच थांबायचा, कारण तोपर्यंत त्याला समोरच्या कुणाची तरी पापणी दिसलेली असायची.

त्याच्या दवाखान्याबाहेर एक पाटी होती, तशी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. इतर डॉक्टर पाटीवर काय काय होतं ते लिहितात. याने काय होत नाही ते लिहिलं होतं. 'येथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होत नाही. चष्म्याचा नंबर मिळत नाही. डोळे आले असल्यास घरी थांबावे.' एकदा मी बाहेर उभा असताना एक म्हातारा ती पाटी मोठ्याने वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने शेजारच्याला विचारलं, "मग हितं हुतंय तरी काय?"

"काय न्हाई वो," शेजारचा म्हणाला, "डाक्टर नुसतं बगतंय."

ते खरंच होतं. तो नुसता बघायचा. माणसाशी बोलताना तो डोळ्यांत बघत नसे, डोळ्यांच्या कडांकडे बघे. त्यामुळे त्याच्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय असं वाटायचं. आणि बघून झालं की करंगळी पुढे यायची. डोळ्याचा नाकाकडचा जो कोपरा असतो, त्याच्या जरा खाली अश्रूंची पिशवी असते. नळी तुंबली की पाणी त्या पिशवीत साठतं, सडतं, आणि वरून दाबलं की कोपऱ्यातून पू बाहेर येतो. बाहेरून माणसाला काही होत नसतं, नुसतं पाणी येतं. तर हा मनुष्य भेटेल त्याचा तो कोपरा दाबायचा. दूधवाल्याचा दाबला. बँकेच्या मॅनेजरचा, त्याच्याच केबिनमध्ये, दाबला. माझ्या थोरल्या बहिणीचा, ती त्याला ओवाळत असताना, तबकावरून हात पुढे करून दाबला. करंगळीला सदैव डेटॉलचा वास. "स्वच्छ आहे," म्हणाला आणि निरांजनाकडे वळला.

माझ्या मुलीच्या लग्नात त्याने मला आयुष्यभराची देणगी दिली. स्टेजवर आहेर द्यायला आला, वधूवरांना ओलांडून थेट माझ्या विहीणबाईंसमोर उभा राहिला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला. फोटोग्राफरही थांबला. मग हा म्हणाला, "वहिनी, तुमच्या बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय. पापणी मागं ओढली गेलीय. थायरॉईड तपासून घ्या." विहीणबाईंनी त्या दिवशी काजळ घातलेलं होतं आणि डोळे चांगले दिसताहेत असं त्यांना चार जणींनी सांगितलेलं होतं. पुढे थायरॉईड निघालं. औषधं सुरू झाली, बाईंची तब्येत सुधारली. पण आजही त्या मला भेटल्या की म्हणतात, "तुमचा तो मित्र, भर मांडवात माझे डोळे बटबटीत म्हणाला, मेला!" माणसाला बरं केलं की तो तुम्हाला माफ करतोच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. उलटंही खरं असतं, ते मी पुढे शिकलो.

राजकारणातला एक वजनदार माणूस त्याच्याकडे आला होता. डोळ्यांखालच्या पिशव्या काढायच्या होत्या. निवडणूक तोंडावर होती, फ्लेक्स छापायचे होते. याने दिव्याखाली त्याला बसवलं, दोन्ही पिशव्या बोटाने हलवून बघितल्या आणि म्हणाला, "राहू द्या. तुमच्या तोंडावर खरं असं एवढंच आहे." तो माणूस उठून गेला. त्यानंतर बरेच महिने महानगरपालिकेला याच्या दवाखान्यासमोरचा खड्डा दिसेनासा झाला. हा त्या खड्ड्याकडेही बघायचा. म्हणायचा, "चांगली खोल खोबण आहे. आत काहीतरी बसवायला पाहिजे."

नकली डोळे तो स्वतः रंगवायचा. खरं तर त्याचे कारागीर असतात, पण याला कुणाचा रंग पटायचा नाही. सुट्टीच्या दिवशी खिडकीजवळ बसून बारीक ब्रशने बुबुळं रंगवायची, लाल रेशमाचे तंतू सुटे करून त्यांच्या शिरा चिकटवायच्या. तयार डोळे तो कंदी पेढ्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवायचा. डबे माझेच. साताऱ्याहून जाताना मी पेढे न्यायचो; पेढे त्याची बायको वाटून टाकायची आणि डबा हा ठेवून घ्यायचा. एकदा शेजारच्या बाई बसायला आल्या होत्या. टेबलावर डबा दिसला. सातारचे पेढे म्हटल्यावर त्यांनी मोकळेपणाने उघडला. ओळीने मांडलेले दहाबारा डोळे त्यांच्याकडे बघत होते. बाईंना उचलून घरी न्यावं लागलं. हा वर म्हणतो, "घाबरल्या तेव्हा पापण्या छान उघडल्या त्यांच्या. एरवी मला संशय होता."

असं हे ध्यान. पण एक गोष्ट सांगतो, ती मी पंगतीत कधी सांगितली नाही, कारण तिला कुणी हसत नाही.

खटावकडच्या एका फौजी माणसाची मुलगी होती. जन्मापासून दोन्ही पापण्या अर्ध्या मिटलेल्या. समोरचं दिसावं म्हणून ती हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघायची. बाप सीमेवर, आई शेतात, आणि शाळेत मास्तर तिला रोज उभी करायचे. कारण काय, तर पोरगी उर्मट आहे, मोठ्यांसमोर मान ताठ ठेवते. आई तिला घेऊन याच्याकडे आली ती दुसऱ्याच कशासाठी तरी, बहुधा रांजणवाडीसाठी. याने पापण्या बघितल्या, मग पोरीच्या तळहातावरचे वळ बघितले. वळ कसले ते विचारलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावून हा खटाव तालुक्यातल्या त्या शाळेत गेला. वर्गात जाऊन मास्तरांच्या दोन्ही पापण्यांवर चिकटपट्टी लावली, अर्ध्यावर, आणि म्हणाला, "आता फळ्यावरचं वाचा." मास्तरांनी मान मागे टाकली. सगळा वर्ग बघत होता. "किती उर्मट आहात हो तुम्ही," हा म्हणाला आणि निघून आला.

नंतर त्याने मुलीच्या मांडीतून एक पातळ पट्टी काढली, त्या पट्टीने पापण्या कपाळाच्या स्नायूला टांगल्या. आई घाबरून विचारत होती, "मांडीचं डोळ्याला लावताय, पोरगी चालंल ना नीट?" मुलगी चाललीही आणि समोरही बघायला लागली. फक्त झोपेत तिच्या पापण्या जराशा उघड्या राहायच्या. तिची आजी काही दिवस तिच्या शेजारी झोपेना. "झोपंत बगती माज्याकडं," म्हणायची.

आता मूळ मुद्द्याकडे यावं लागेल.

आमच्या परिषदा होत. मोतीबिंदूवर कुणी निबंध वाचला की शेवटी प्रश्न विचारायची वेळ यायची, आणि हा मागच्या रांगेतून उभा राहायचा. प्रश्न दर वर्षी एकच. "ऑपरेशनच्या आधी कोपरा दाबून बघितला होता का?" कारण पिशवीत पू असेल आणि तसाच डोळा उघडला, तर तो पू आत जातो, आणि डोळा जातो. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. म्हणून तर हसू यायचं. नवी यंत्रं, नवी भिंगं, परदेशातले पाहुणे, आणि हा विचारतोय कोपरा दाबला का. पुढे पुढे तो उभा राहिला की सगळा हॉल एका सुरात ओरडायचा, "कोपरा दाबला होता का?" या कोरसचा आद्य प्रवर्तक मी. हातवारे करून मीच सूर द्यायचो.

म्हसवडला आमचं शिबिर होतं. एका मोठ्या साहेबांच्या वाढदिवसानिमित्त. मांडव, हार, मोफत चष्मे, आणि माझा सत्कार. शस्त्रक्रियेच्या आधी प्रत्येकाचा कोपरा दाबून, नळीत पाणी सोडून बघायचं असं ठरलेलं होतं. माझे सहायक ते करत होते. रांग हळू सरकत होती. तेवढ्यात निरोप आला की साहेब लवकर येताहेत आणि त्यांना पट्टी बांधलेल्या पेशंटांबरोबर फोटो हवा आहे. पट्टी बांधलेले पेशंट तेव्हा जेमतेम मूठभर होते. मी म्हणालो, "दाबादाबी बास आता. थेट आत घ्या."

त्यात बिरूआबा होते. माणदेशातले धनगर. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, चेहरा उन्हाने तडकलेला. एका डोळ्यातून सारखं पाणी. मी विचारलं, "हे पाणी कधीपासून?"

"लय दिस झालं. वाऱ्यानं येतंय. मेंढरामागं हिंडायचं म्हंजी वारं आलंच की."

मला एवढं पुरलं. कापसाने पाणी पुसलं आणि डोळा उघडला. ऑपरेशन उत्तम झालं. त्या दिवशीचं सगळ्यात सुबक ऑपरेशन ते होतं, हे मी आजही सांगू शकतो, आणि त्याचा काहीही उपयोग नाही. साहेबांनी बिरूआबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. पट्टी सोडली तेव्हा आबांनी माझ्या टायवरचे ठिपके ओळखले. मग ते मेंढरांकडे गेले.

परत आले तेव्हा डोळा लाल, सुजलेला, बुबुळ पांढरं पडलेलं. दुखणं दोनतीन दिवस अंगावर काढलं होतं. आबांचं म्हणणं, कळप टाकून कसं यायचं? मी औषधाचे थेंब घातले, इंजेक्शन दिलं, पण मला पहिल्या नजरेलाच कळलं होतं. मी सांगलीला फोन लावला.

"पाठव," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "डोळा वाचणार नाही. आतलं सगळं काढावं लागेल, नाहीतर मागे मेंदूपर्यंत पसरेल." मग त्याने विचारलं, "कोपरा दाबून बघितला होतास?"

पहिल्यांदाच हा प्रश्न त्याने हळू आवाजात विचारला होता, आणि ओरडायला आजूबाजूला कोरस नव्हता.

"हो तर," मी म्हणालो. "बघितला होता."

"बरं. मी दाबला तर पू येतोय. जुना वाटतोय."

"नंतर झाला असेल."

"असेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने डोळा काढला. चारपाच दिवसांनी आबांचा मुलगा धोंडीराम साताऱ्याला माझ्याकडे आला. बाहेर पेशंट बसलेले होते, आतही दोघे पेशंट उभे होते.

"आवं डाक्टर, तुमी तर म्हनला हुता झ्याक झालंय. मग ह्यो डोळा गेला कसा?"

मी म्हणालो, "माझं ऑपरेशन चांगलंच झालं होतं. तुझ्या बापाने स्वतः बघितलं ना पट्टी सोडल्यावर? डोळा सांगलीत काढला. तिकडं विचार."

यातलं एकेक वाक्य तपासून बघा. कुठेही खोट सापडणार नाही. ऑपरेशन चांगलं झालं होतं. आबांनी बघितलं होतं. डोळा सांगलीत काढला होता. मी धोंडीरामला एकही खोटं वाक्य न सांगता असं काही सांगितलं की ते खोट्यापेक्षा बळकट निघालं.

"व्हय, सांगलीतच काडला," धोंडीराम स्वतःशी म्हणाला. आणि ते वाक्य घेऊन गावी गेला. म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेत माझं वाक्य दुकानादुकानात फिरलं. माण, खटाव, आटपाडी, सगळीकडे माझ्या मित्राला नवं नाव मिळालं: डोळंकाढ्या. मी दिलेलं 'ड्रेनेज खातं' त्यापुढे अगदी प्रेमळ वाटावं.

त्या भागातून पेशंट येईनासे झाले. सांगलीजवळच्या कुपवाडचे कामगार येत राहिले, कारण मशीनवरचा पत्रा लागून पापणी फाटली की माणूस नावं ठेवत बसत नाही, टू-व्हीलरच्या मागे बसून पहिला डॉक्टर गाठतो. पण आटपाडीकडची एक बाई पापणीवरची गाठ दाखवायला आली होती, ती बाकावर कुणाच्या तरी तोंडून ते नाव ऐकून तशीच उठून गेली. वर्षाने आली तेव्हा गाठीने पापणी खाल्लेली होती. तो कॅन्सर होता. त्याने गालाची कातडी फिरवून तिला नवी पापणी करून दिली. पण वर्ष गेलं ते गेलं. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. सांगताना ती मला चहा देत होती.

त्याला लोकांनी तोंडावर विचारलं, "डाक्टर, तुमीच काडला का वो म्हसवडच्या म्हाताऱ्याचा डोळा?" तर हा म्हणायचा, "हो, मीच." बस. पुढे एक शब्द नाही.

बिरूआबांसाठी त्याने स्वतः नकली डोळा रंगवला. मी नेमका त्या दिवशी तिथे होतो. म्हणजे गेलो होतो, काय हालहवाल आहे ते बघायला. आबा आरशात बघत होते. डोळ्याचा पांढरा भाग याने मळकट केला होता, त्यात लाल रेशमाच्या शिरा भरल्या होत्या, कारण आबांचा दुसरा डोळा उन्हावाऱ्याने तसाच झाला होता.

"जरा पांडरा करा की वो," आबा म्हणाले. "नवा डोळा, आन् असला वंगाळ?"

"नवरदेव आहात काय?" हा म्हणाला. "जोडीला जोडी पाहिजे. पांढरा केला तर जुना डोळा रुसेल."

आबा खूश होऊन हसले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्ये डाक्टर लय चांगलं. ह्येंनी डोळा दिला हुता." आणि त्याच्याकडे बघून, अगदी मायेने, "तुमी काडला."

तो ब्रश धूत होता. त्याने मान वर केली नाही. मी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि उशीर होतोय म्हणून निघालो.

पुढच्या परिषदेत मोतीबिंदूवर मी निबंध वाचला. संपल्यावर सगळा हॉल त्याच्याकडे वळला, सूर लावायच्या तयारीत. तो मागच्या रांगेत चष्म्याच्या काचा पुसत बसला होता. उठला नाही. कुणीतरी न राहवून ओरडलं, "कोपरा दाबला होता का?" हशा झाला. तो हसला नाही. त्यानंतर त्याने हा प्रश्न कुठल्याही परिषदेत विचारला नाही. तेव्हा मला कळलं की त्याला कळलंय. आणि त्याने कुणाला सांगितलं नाही, माझ्या विहीणबाईंना भर मांडवात आजार सांगणाऱ्या माणसाने.

मला त्याचा रागच आला. त्याने ओरडायला हवं होतं. चारचौघांत माझ्या थोबाडीत मारली असती तर मी तीही गंमत म्हणून सांगितली असती.

मग बरीच वर्षं गेली. माझी पत्नी वारली. त्यानंतर केव्हातरी माझ्या उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. बायको गेल्यापासून म्हातारा हळवा झालाय, असं साताऱ्यात सगळे म्हणायचे. लग्नात पाणी, बारशाला पाणी, भाजी मंडईत दोडके घेताना पाणी. मी स्वतः डोळ्यांचा डॉक्टर. काय झालंय ते मला पहिल्या दिवशी कळलं होतं. तरी मी एक वर्ष रुमाल वापरला.

शेवटी सांगलीला गेलो. माफी मागायला गेलो की नळी उघडून घ्यायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाटेत वाक्य जुळवत गेलो. पेढे घेतले होते.

त्याने दार उघडलं. खूप वाळला होता. माझ्या डोळ्याकडे बघितलं, नेहमीसारखं कडेला. मी तोंड उघडायच्या आत करंगळी पुढे आली. कोपरा दाबला. डेटॉलचा वास. मग त्याने करंगळी मला दाखवली.

"बघ."

"माहीत आहे."

"मोतीबिंदू करून घेतला नाहीस ना या डोळ्याचा?"

"नाही."

"नशीब. केला असतास तर..." तो थांबला. आत कुकरची शिट्टी झाली. मग त्याने पेढ्यांचा डबा हातात घेतला, उघडला, पेढे वाटीत ओतून बायकोला हाक मारली आणि रिकामा डबा फडताळात ठेवला. "सोमवारी ये," म्हणाला.

सोमवारी मी त्याच्या टेबलावर आडवा झालो. या ऑपरेशनात नाकाचं हाड कोरून पिशवीला नाकात नवी वाट करून देतात. जागा बधिर करतात, पण माणूस जागा असतो. हाड तुटताना आपल्याच डोक्यात कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडतंय असं ऐकू येतं. तोंडावर हिरवं कापड होतं. मला वाटलं, हीच वेळ. त्याचा चेहरा दिसत नव्हता, माझाही त्याला दिसत नव्हता. मी कापडाखालून म्हणालो, "म्हसवडचं ते..."

"बोलू नकोस. नाकाचं हाड माझ्या हातात आहे."

"नाही, पण मला..."

"लेका, हललास तर नाक साताऱ्याला वाकडं घेऊन जाशील." शेंग फुटली. मग तो हळूच म्हणाला, "म्हसवड नंतर. नळी काढायला येशील तेव्हा."

नवी वाट बुजू नये म्हणून तिच्यात सिलिकॉनची एक बारीक नळी ठेवतात, आणि काही आठवड्यांनी ती काढतात. एका मिनिटाचं काम. आठवडे झाले. त्याच्या बायकोचा फोन आला, "भावजी, नळी काढायला कधी येताय?" मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. पाणी थांबलं होतं, डोळा सुंदर कोरडा होता. मुलाला बरं नाही, गाडी बिघडली, पाऊस लागलाय, अशी कारणं मी दर वेळी नवी काढली. नळी निघाली की म्हसवड बोलावं लागणार होतं. मला नळीचा त्रास नव्हता.

पुढचा फोनही त्याच्या बायकोचाच होता. सकाळी खिडकीजवळ एक बुबुळ रंगवत बसला होता, आणि तसाच खुर्चीत गेला.

शोकसभेत एका तरुण डॉक्टरने फार उदारपणे सांगितलं, "प्रत्येकाच्या हातून एखादी केस बिघडते. सरांचीही म्हसवडची बिघडली. पण ते खचले नाहीत." लोकांनी माना डोलावल्या. त्याच्यानंतर मी उभा राहिलो. मी पेढ्यांच्या डब्याची गोष्ट सांगितली. सभा हसली. मी पाण्याचा ग्लास उचलला.

मागच्या महिन्यात मी म्हसवडला गेलो. बिरूआबा केव्हाच गेले होते. धोंडीराम आता स्वतः आजा झाला आहे. त्याच्या अंगणात बसून मी सगळं सांगितलं: कोपरा दाबला नव्हता, घाई मी केली होती, डोळा माझ्यामुळे गेला, सांगलीच्या डॉक्टरने फक्त जीव वाचवला. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी तयार होऊन गेलो होतो.

"आवं," तो म्हणाला, "त्या मानसाला आमी गावभर लय शिव्या दिल्या. आता त्या माघारी कशा घ्यायच्या, तेवडं सांगा."

त्याने चहा मागवला, मी प्यायलो.

नळी अजून माझ्या डोळ्यात आहे. कोपऱ्यात बारीक पारदर्शक दोऱ्यासारखी दिसते, दिसली तर. त्याच्या दवाखान्यात आता एक मुलगी बसते, त्याचीच विद्यार्थिनी, पाटीही तीच ठेवली आहे. ती रागावते. "सर, इतके दिवस ठेवायची नसते. काढून टाकू या, एक मिनिट लागेल." मी म्हणतो, पुढच्या आठवड्यात.

त्या दिवशी सातारा ते सांगली गाडीत जुळवलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. कऱ्हाडपर्यंत ते लांबलचक होतं, त्यात साहेब होते, गर्दी होती, वारा होता. इस्लामपूर ओलांडल्यावर एकेक गळत गेलं. त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा एवढंच उरलं होतं: मी दाबून बघितलं नव्हतं रे.